एन्येदची शाळा

राज्यें मोडतात, राजधान्या हलतात, नकाशांवरच्या रेषा पुसून पुन्हां काढल्या जातात. पण शाळा नांवाची संस्था या साऱ्या उलथापालथींतून कधीं कधीं आश्चर्यकारक चिवटपणानें टिकून राहते. जिच्याजवळ सैन्य नाहीं, खजिना नाहीं, आणि जिची सारी प्रजा दर आठ-दहा वर्षांनीं नवी होते, त्या संस्थेनें राजघराण्यांहून अधिक काळ जगावें हें तर्काला धरून नाहीं. तथापि युरोपच्या इतिहासांत अशीं उदाहरणें आहेत, आणि त्यांतील एकाविषयीं आज वाचकांशीं थोडें बोलावें असें मनांत आहे.

हें उदाहरण म्हणजे ट्रान्सिल्व्हानियांतील नॉद्येन्येद येथील बेत्लेन विद्यालय. हंगेरियन भाषेंत 'नॉद्य' म्हणजे थोरलें. आपल्या मुलुखांत हें गांव असतें तर आपण त्याला एन्येद बुद्रुक म्हटलें असतें. आणि गंमत अशी कीं 'किशेन्येद', म्हणजे एन्येद खुर्द, नांवाचें खेडेंहि त्याच प्रांतांत आहे. तेथील लोक आपसांत बोलतांना नुसतें 'एन्येद' म्हणतात. आपणहि तसेंच म्हणूं. आज हें शहर रुमानियांत आहे आणि नकाशांत त्याचें नांव 'आयुद' असें छापलेलें असतें. मारोश नदीच्या खोऱ्यांत, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांजवळ तें वसलें आहे. शहरांतले बहुसंख्य लोक रुमानियन बोलतात; पण १६२२ सालीं स्थापन झालेल्या या शाळेंत हंगेरियन भाषेंतून आजहि शिक्षण चालतें.

मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. हंगेरियन मला येत नाहीं, आणि त्या शाळेचा उंबरठा मीं कधीं ओलांडलेला नाहीं. ती मला भेटली ती इंग्रजी पुस्तकांतून, आणि तीहि मागल्या दारानें: तिबेटी भाषेच्या एका शब्दकोशाच्या निमित्तानें. तो धागा पुढें येईलच. आधीं शाळेचें कुळ पाहूं.

सतराव्या शतकाच्या आरंभीं ट्रान्सिल्व्हानिया हें तुर्की सुलतानाचें मांडलिक, परंतु अंतर्गत कारभारांत बरेंचसें स्वतंत्र असें संस्थान होतें. १६१३ पासून १६२९ पर्यंत तेथें बेत्लेन गाबोर याचें राज्य होतें. (हंगेरियन लोक आडनांव आधीं आणि स्वतःचें नांव मागाहून लिहितात, आपल्याकडील शाळेच्या हजेरीपटांत असतें तसें.) हा कॅल्व्हिनपंथी राजा लढाया पुष्कळ लढला, पण त्याचें नांव टिकलें तें त्यानें आपल्या राजधानींत, द्यूलाफेहेरवार येथें, काढलेल्या विद्यालयामुळें. जर्मनींत त्या वेळीं तीस वर्षांचें युद्ध पेटलें होतें. त्या वणव्यांत होरपळणाऱ्या पंडितांस बेत्लेननें आपल्याकडे बोलावलें. मार्टिन ओपित्झ हा जर्मन कवि कांहीं काळ येथें शिकवून गेला. ज्ञानकोशकार आल्स्टेड आणि त्याचा जांवई बिस्टरफेल्ड हे तर येथेंच राहिले व येथेंच वारले. राजानें शाळेस गांवें इनाम दिलीं. आणखी एक गोष्ट त्याच्या कारकीर्दींत झाली, आणि मला ती इनामांहून मोठी वाटते: भूदास कुळांच्या मुलांस शाळेंत जाण्यापासून जमीनदारानें अडवूं नये, असा कायदा १६२४ सालीं झाला. इतर देशांतले राजे जेव्हां विद्येला दरबाराचा अलंकार समजत होते, तेव्हां या लहानशा संस्थानांत तिचा दरवाजा नांगरधाऱ्याच्या मुलासाठीं, निदान कागदावर तरी, उघडा ठेवला गेला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. आज जिला आपण अल्पसंख्याकांच्या भाषेची शाळा म्हणतों, ती आरंभीं त्या भाषेंतून शिकवीतच नव्हती. शिक्षणाची भाषा लॅटिन होती. आपल्या पाठशाळांत जशी संस्कृत, तशीच. पण त्या लॅटिनच्या पोटांत एक वेगळेंच काम चाललेलें होतें, आणि माझ्या मतें त्या शाळेचा खरा इतिहास तेथें आहे.

१६५३ सालीं आपात्सॉई चेरे यानोश नांवाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण हॉलंडांतून शिकून येथें अध्यापक म्हणून आला. त्यानें उत्रेख्त येथें हंगेरियन भाषेंतील पहिला ज्ञानकोश छापावयास घातला होता. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर १६५३ सालाचा आंकडा आहे. प्रत्यक्षांत तो १६५५ सालीं बाहेर पडला. तर्कशास्त्र, गणित, ज्योतिष, वनस्पति, प्राणी, धर्म, सारें त्यांत आहे. कोपर्निकसचा सूर्य आहे आणि देकार्तचा संशयहि आहे. या विषयांवर त्या भाषेंत पूर्वी कोणीं असें सलग लिहिलेंच नव्हतें, तेव्हां शब्दांची जुळवाजुळव त्यालाच करावी लागली. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड ज्यांनीं हाताळले आहेत, आणि पारिभाषिक शब्द घडवितांना होणारी दमछाक ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या तरुणाच्या धाडसाची कल्पना येईल; आणि हें केतकरांच्या पूर्वी पावणेतीनशें वर्षें! परंतु राजदरबारीं त्याचें जमलें नाहीं. शिरच्छेद झालेल्या इंग्लंडच्या चार्ल्स राजाचा धर्मोपदेशक आयझॅक बेझिअर तेव्हां परागंदा होऊन याच विद्यालयांत अध्यापक झाला होता. आपात्सॉईच्या मतांत त्याला प्यूरिटन बंडखोरीचा वास आला, आणि दोघांच्या वादानंतर राजानें आपात्सॉईस कामावरून दूर केलें. पुढें कोलोझ्वार येथें शिकवीत असतां १६५९ सालीं, पस्तिशीच्या आंतच, तो वारला.

दुसरें नांव पापॉई पारिझ फेरेंत्स याचें. हा वैद्य १६८० पासून १७१६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, या शाळेंत अध्यापक होता. १६९० सालीं त्यानें 'पाक्स कोर्पोरिस' म्हणजे 'शरीराची शांति' या लॅटिन नांवाचें पुस्तक काढलें. पण नांव तेवढें लॅटिन, आंतला मजकूर सारा हंगेरियन. ज्या गरिबाला वैद्य परवडत नाहीं त्याला आपल्या रोगाचें निदान व उपचार आपल्या भाषेंत वाचतां यावे, यासाठीं तें होतें. पुढें १७०८ सालीं त्याचा लॅटिन-हंगेरियन कोश प्रसिद्ध झाला. तिसरें नांव बेन्को फेरेंत्स याचें. १७८६ सालीं त्यानें खनिजशास्त्रावरील पहिलें हंगेरियन पुस्तक लिहिलें, आणि मागाहून या शाळेंत अध्यापक झाल्यावर १७९६ सालीं दगड, शंख, जनावरें, चमत्कारिक वस्तु गोळा करून एक संग्रहालय उभें केलें.

ज्ञानकोश, वैद्यक, शब्दकोश, खनिजशास्त्र: या यादींत देशाभिमानाचें एकहि काव्य नाहीं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मातृभाषेची महती गाणारीं पुस्तकें लिहिणें सोपें असतें. तिच्यांत मूतखड्याचें आणि गारगोटीचें वर्णन करणें कठीण. या मास्तर लोकांनीं कठीण तें केलें. वर्गांत लॅटिन शिकवावें, आणि घरीं येऊन तें सारें हंगेरियनमध्यें उतरवावें, असा दीडशें वर्षांचा उद्योग झाला, म्हणून एकोणिसाव्या शतकांत लॅटिनची सद्दी संपली तेव्हां तिच्या जागीं बसावयास हंगेरियन भाषा तयार होती.

हें सारें निवांतपणें झालें असें मात्र नाहीं. १६५८ सालीं तुर्क व तार्तर यांच्या स्वारींत द्यूलाफेहेरवार उद्ध्वस्त झालें, आणि विद्यार्थी कोलोझ्वारकडे पळाले. १६६२ सालीं आपाफी मिहाय राजानें विद्यालय एन्येदला हलविलें. १७०४ सालीं, हॅब्सबर्ग सत्तेविरुद्ध राकोत्सीचें बंड चालू असतां, बादशाही फौजेनें एन्येद जाळलें, आणि त्यांत विद्यार्थीहि मारले गेले. त्यानंतरच्या उभारणीसाठीं इंग्लंडांतील प्रॉटेस्टंट मंडळींनीं वर्गणी जमविली. योकॉई मोर या कादंबरीकारानें पुढें १८५३ सालीं त्या धामधुमीच्या काळावर एन्येदच्या दोन वाळुंजांची गोष्ट लिहिली, आणि हंगेरियन मुलांच्या मनांत ती शाळा कायमची रुजली.

अशा शाळेंतून बाहेर पडलेल्या असंख्य मुलांपैकीं दोघांकडे मी वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. पहिला तोतफॉलुशी किश मिक्लोश. हा १६५० सालीं जन्मला. एन्येदला शिकला, थोडे दिवस मास्तरकी केली, आणि १६८० सालीं आम्स्टरडॅमला गेला. तेथें तो टाईप कोरण्याची कला शिकला, आणि तींत असा निष्णात झाला कीं दूरदूरच्या देशांतून त्याला कामें येऊं लागलीं. १६८५ सालीं त्यानें हंगेरियन बायबल स्वतः छापलें. पण त्याखेरीज, काकेशस पर्वतापलीकडच्या जॉर्जियन लोकांच्या लिपीचेहि खिळे त्यानें कोरून दिले. ज्या भाषेचें अक्षर त्याला स्वतःला वाचतां येत नसेल, तिच्यासाठीं त्याचा हात चालला. त्याच्या रोमन अक्षरांचें एक वळण 'यान्सन' या नांवानें युरोप-अमेरिकेच्या छापखान्यांत फार मानलें गेलें. मूळ कारागीर हा एन्येदचा विद्यार्थी, हें विसाव्या शतकांत सिद्ध झालें. मायदेशीं परतून त्यानें कोलोझ्वारला छापखाना चालविला, आणि १७०२ सालीं तो वारला.

दुसरा कोरोशी चोमा शान्दोर. ज्याला आपल्याकडील जुन्या इंग्रजी ग्रंथांत अलेक्झांडर चोमा दे कोरोश म्हणतात. हाच तो माझा धागा. १७८४ सालीं कोरोश नांवाच्या खेड्यांत, गरीब घरांत तो जन्मला, आणि १७९९ सालीं एन्येदच्या शाळेंत दाखल झाला. पैसे नसलेल्या मुलांस तेथें झाडलोट करून, वरच्या विद्यार्थ्यांची चाकरी करून शिकतां येत असे. माधुकरी मागून शिकणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांचींच हीं भावंडें. सुमारें पंधरा वर्षें तो तेथें राहिला. नंतर ग्यॉटिंगेनला जाऊन परत आला. आणि १८१९ सालीं हंगेरियन लोकांचें मूळ आशियांत शोधावयाचें म्हणून निघाला. बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल, लाहोर असा, बहुतेक पायीं, मजल दरमजल करीत १८२२ सालीं तो लडाखांत पोहोंचला. तेथें मूरक्रॉफ्ट या इंग्रज प्रवाशाची गांठ पडली आणि तिबेटी भाषेकडे त्याचें लक्ष वळलें. झान्स्कारमधील झांगला येथें, पुढें सतलजकांठच्या कानम येथें, कडाक्याच्या थंडींत लामांच्या शेजारीं बसून त्यानें तिबेटी ग्रंथ वाचले. कंपनी सरकार त्याला दरमहा ५० रुपये देत असे. १८३४ सालीं कलकत्त्यास त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि तिबेटी व्याकरण हीं पुस्तकें प्रसिद्ध झालीं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईस निघाला तो १८३१ सालीं. म्हणजे आपली भाषा ज्या सुमारास पश्चिमेकडील विद्वानांच्या पद्धतीनें कोशांत बसत होती, त्याच सुमारास आणि त्याच सरकारच्या आश्रयानें, एन्येदचा हा विद्यार्थी तिबेटीची तीच सेवा करीत होता. कोशावर आपली ओळख देतांना त्यानें आपण ट्रान्सिल्व्हानियाचे हंगेरियन आहोंत एवढें नमूद केलें. मायदेशांतून आलेले पैसे त्यानें स्वतःसाठीं वापरले नाहींत. शिक्षणाच्या कामीं ते परत पाठविले, आणि त्यांतला एक वांटा एन्येदच्या शाळेसाठीं होता. ल्हासाकडे जात असतां ११ एप्रिल १८४२ रोजीं दार्जिलिंग येथें हिंवतापानें त्याचा अंत झाला.

ज्या आशेनें तो निघाला ती शास्त्रदृष्ट्या फोल होती. हंगेरियनचें नातें तिबेटीशीं नाहीं, फिनिशशीं आहे. आणि तें दाखविणारें द्यॉर्मॉती शामुएल याचें पुस्तक चोमा एन्येदला दाखल झाला त्याच वर्षीं, १७९९ सालीं, ग्यॉटिंगेन येथें छापलें गेलें होतें. पण आपलें मूळ शोधावयास निघालेल्या माणसाच्या हातून परक्याची भाषा जगाला कळली, ही हानि म्हणावयाची कीं लाभ? दार्जिलिंगला एका सुटींत मी गेलों असतां त्याच्या थडग्यापाशीं बराच वेळ उभा राहिलों होतों, आणि तेव्हांपासून हा प्रश्न माझ्या मनांत आहे. किशची जॉर्जियन अक्षरें आणि चोमाचा तिबेटी कोश हीं मला एकाच शाळेचीं फळें वाटतात. जेथें स्वतःच्या भाषेसाठीं शब्द शोधण्याचे, अक्षरें घडविण्याचे कष्ट लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या सोसलेले असतात, तेथल्या मुलांस दुसऱ्याच्या भाषेचें मोल आपोआप कळत असावें.

असावें, असें मी म्हणतों. कारण इतिहासाची दुसरी बाजू माझ्या डोळ्यांपुढें आहे, आणि ती झांकून या शाळेची स्तुति करणें अप्रामाणिकपणाचें होईल.

एन्येदपासून थोड्या कोसांवर ब्लाझ नांवाचें गांव आहे. तेथें १७५४ सालीं रुमानियन भाषेची शाळा उघडली. ट्रान्सिल्व्हानियांत रुमानियन लोक संख्येनें मोठे होते. पण राज्यांत हक्क होते ते हंगेरियन सरदार, सेकेय आणि सॅक्सन या तिघांनाच. रुमानियन शेतकरी बहुधा कूळ, आणि जमीनदार बहुधा हंगेरियन. तेव्हां त्या काळीं दुबळ्यांच्या भाषेची शाळा कोणती, असें विचारलें तर उत्तर एन्येद नव्हे, ब्लाझ असें येतें. १८४८ च्या क्रांतींत ही सारी आग वर आली. दोन्ही बाजूंनीं रक्त सांडलें. १८४९ च्या जानेवारींत रुमानियन तुकड्यांनीं एन्येद जाळलें. शेंकडों माणसें मारलीं गेलीं, आणि शाळेच्या ग्रंथालयाची राखरांगोळी झाली. त्या तुकड्यांच्या पुढाऱ्यांपैकीं आक्सेन्ते सेव्हेर हा ब्लाझच्या शाळेंत शिकलेला होता. एका शाळेचा विद्यार्थी दुसऱ्या शाळेच्या जळण्याला साक्षी असावा, याहून विषण्ण करणारी गोष्ट अध्यापकाला कोणती? पुढें हंगेरियन सत्ता पक्की झाली, आणि १९०७ सालीं ऑपोन्यी या शिक्षणमंत्र्याच्या कायद्यानें इतर भाषांच्या शाळांवर असें बंधन घातलें कीं चौथ्या इयत्तेअखेर मुलांस हंगेरियन बोलतां-लिहितां आलेंच पाहिजे. ज्या भाषेनें लॅटिनखालीं आपली वाट काढली होती, जिनें जोसेफ बादशहाचा १७८४ सालचा जर्मन सक्तीचा हुकूम सोसून परतविला होता, तीच आतां दुसऱ्याच्या पोरांवर छडी उगारून उभी राहिली.

मग चक्र फिरलें. १ डिसेंबर १९१८ रोजीं रुमानियन लोकांची प्रचंड सभा भरली आणि ट्रान्सिल्व्हानिया रुमानियाशीं जोडल्याची घोषणा झाली. आणि ती सभा भरली कोठें, तर आल्बा यूलिया येथें, म्हणजे बेत्लेननें जेथें शाळा काढली त्याच द्यूलाफेहेरवारला. त्या सभेच्या ठरावांत प्रत्येक समाजाला आपल्या भाषेंतून शिक्षण मिळेल असें वचन होतें. ४ जून १९२० च्या ट्रायानॉन तहानें नवी सीमा कायम केली. एन्येदची शाळा जागची हलली नाहीं, पण एका रात्रींत नव्हे तरी दोन वर्षांत ती राज्यकर्त्यांच्या भाषेची होती ती अल्पसंख्याकांच्या भाषेची झाली. जमीनसुधारणेच्या कायद्यानें तिच्या इनामी जमिनी गेल्या. १९२५ सालच्या कायद्यानें धर्मसंस्थांच्या शाळांत इतिहास व भूगोल रुमानियनमधून शिकविण्याची सक्ति झाली. १९४० सालीं उत्तर ट्रान्सिल्व्हानिया चार वर्षांपुरता हंगेरीकडे गेला, पण एन्येद रुमानियांतच राहिलें. १९४८ च्या ऑगस्टांत कम्युनिस्ट सरकारनें धर्मसंस्थांच्या साऱ्या शाळा ताब्यांत घेतल्या. एन्येदची घेतली तशी ब्लाझचीहि घेतली, आणि त्याच वर्षअखेर ब्लाझ ज्या पंथाचें पीठ होतें तो ग्रीक-कॅथलिक पंथच बेकायदा ठरविला. ज्या दोन शाळांनीं एकमेकींकडे शंभर वर्षें पाठ फिरविली होती, त्या एकाच फर्मानाखालीं आल्या. त्या काळांत आयुद हें नांव रुमानियन लोकांत गाजलें तें शाळेमुळें नव्हे, तेथील तुरुंगामुळें. राजकीय कैद्यांचा तो मोठा तुरुंग होता.

या काळांतील एक आंकडा माझ्या मनांत घर करून बसला आहे. १९७३ सालच्या एका फर्मानानें अल्पसंख्याकांच्या भाषेंत माध्यमिक वर्ग चालवावयाचा तर निदान ३६ विद्यार्थी हवेत असा दंडक घातला. रुमानियन वर्गाला मात्र ही अट नव्हती. छडी नको, बंदी नको, पुस्तकें जाळावयास नकोत. नुसती मोजणी पुरे. पस्तीस मुलें असलेली भाषा कायद्यानें मुकी. १७०४ आणि १८४९ च्या आगींपेक्षां मला हा आंकडा अधिक भयंकर वाटतो, कारण आगीनंतर लोक वर्गणी काढतात. आंकड्यानंतर कोणी काढीत नाहीं.

१९८९ च्या डिसेंबरांत ती राजवट कोसळली. शाळा उरली. २०२२ सालीं तिला चारशें वर्षें पूर्ण झालीं. १९१० सालीं ज्या शहरांत हंगेरियन बोलणारे बहुसंख्य होते, तेथें आज ते थोडे आहेत. म्हणून शाळेची मुलें बरीचशीं बाहेरून येतात: ज्या खेड्यांत हंगेरियन कुटुंबें बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत तेथून येऊन तीं वसतिगृहांत राहतात. अशा विरळ वस्तीला त्यांच्या भाषेंत 'सोर्वान्य' म्हणतात. विखुरणें या क्रियापदावरून हा शब्द झाला आहे. बीं विखुरतात, आणि राखहि विखुरतात. यांपैकीं कोणता अर्थ खरा ठरणार हें त्या वसतिगृहांतल्या मुलांवर अवलंबून आहे.

एवढें सारें मी कां सांगत बसलों, असें वाचक विचारतील. त्याचें कारण घरगुती आहे. तालुक्याच्या गांवीं ज्या शाळेंत मी शिकलों तिच्या नियामक मंडळावर मी सध्यां आहें. मराठी माध्यमाची तुकडी पुढें चालवावी कीं नाहीं असा प्रश्न तेथें निघाला असून प्रत्येक सभासदानें आपलें मत लेखी द्यावें असें ठरलें आहे. तुकडींतलीं मुलें ३६ हून पुष्कळच कमी आहेत. एन्येदशीं आमची तुलना एका मर्यादेपर्यंतच खरी, हें मला ठाऊक आहे. मराठी येथें अल्पसंख्याकांची भाषा नाहीं. तिच्या पाठीशीं राज्य आहे, करोडों माणसें आहेत. पण म्हणूनच ती तुलना मला अधिक बोचते. तेथें मोजणी सरकारनें लादली. येथें ती आमची आम्हींच करीत आहोंत. पालकांस मी दोष देत नाहीं. आपल्या मुलाला पोट भरणारी विद्या मिळावी ही इच्छा बेत्लेनच्या काळच्या कुळालाहि होती. दोष असेल तर तो आम्हां शिकलेल्यांचा, कीं मराठींतून रसायन आणि यंत्रविद्या शिकतां येते असा भरंवसा त्या बापाला वाटावा, एवढीं पुस्तकें आणि एवढे शिक्षक आम्हीं उभे केले नाहींत. भाषेच्या थोरवीचीं व्याख्यानें मात्र भरपूर दिलीं.

मीं माझें मत लिहिलें आहे तें असें: तुकडी ठेवावी, पण अभिमानासाठीं ठेवूं नये. अभिमानानें ठेवलेली तुकडी दोन वर्षांत ओस पडते. शाळेंतला गणिताचा आणि विज्ञानाचा उत्तमांतला उत्तम शिक्षक त्या तुकडीला द्यावा. इंग्रजी तेथें इतकी चांगली शिकवावी कीं मुलाला तिची भीतीहि वाटूं नये आणि भुरळहि पडूं नये. तें काम, निवृत्त होण्यास अजून अवकाश असला तरी, आठवड्यांतून दोन दिवस मी स्वतः करीन. गांवांत हिंदी, कानडी, तेलुगु बोलणाऱ्या मजुरांचीं मुलें आहेत. त्यांच्या भाषेला त्या वर्गांत कोणीं हंसूं नये. आपल्या भाषेची शाळा दुसऱ्याच्या भाषेला हंसूं लागली कीं ऑपोन्यीचा कायदा दूर नसतो.

मंडळाची बैठक पुढच्या महिन्यांत आहे. बहुमत माझ्या बाजूनें होईल अशी खात्री नाहीं. त्या तुकडींतलीं बहुतेक मुलें शेतमजुरांचीं आहेत, आणि 'शरीराची शांति' हें पुस्तक तीनशें वर्षांपूर्वी ज्या माणसासाठीं लिहिलें गेलें, तो त्यांच्या बापांहून फारसा वेगळा नव्हता. निर्णय घेण्यापूर्वी एकदां त्या बापांस बोलावून विचारावें, एवढी सूचना मीं पत्राच्या शेवटीं जोडली आहे.